एकसष्ट टक्के

पहिल्यांदा एकसष्ट टक्क्यांवर थांबला.
मी म्हटलं, लाइट गेली असेल क्षणभर,
वेंगुर्ल्यात माड हलला तरी वीज दचकते.
इन्व्हर्टरवर जोडून पुन्हा लावला.
दुसऱ्यांदा त्रेचाळीस.
निळ्या पडद्यावर एक लांबलचक आकडा
आणि वर उदास तोंडाची खूण,
जणू चूक माझी, आणि वाईट त्याला वाटतंय.

बर्फाच्या कारखान्याचा हिशेब माझ्या घरी असतो.
कुठल्या होडीने किती लाद्या उचलल्या,
कुणाची उधारी शिमग्यापासून पडून आहे.
डिस्क पुसण्याआधी एकोणचाळीस होड्या
मी हाताने वहीत उतरवल्या,
रवळनाथ प्रसाद, स्टेला मारिस, नूर-ए-दर्या,
आणि जयवंती, जिचा मालक हल्ली गोव्याला असतो
नि फोन उचलत नाही.
पेनड्राइव्ह घरात एकच,
त्यात नवी सिस्टीम भरलेली.

तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. जीवात जीव आला.
चौथ्यांदा नऊ.

पेनड्राइव्ह पुसून पुन्हा भरला, रात्रभर, टॉवरच्या मर्जीने.
पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला.
कोपऱ्यात तारीख, एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतल्या बटणाएवढ्या बॅटरीत प्राण नव्हता,
दर वेळी तो त्याच सकाळी जागा व्हायचा.

पास्कू फर्नांडिस आला तो बिलावरून भांडायला.
होड्यांची इंजिनं उघडतो, बोटांच्या रेषांत ऑइल मुरलेलं;
कॉम्प्युटरला त्याने जन्मात हात लावला नव्हता.
दारातच उभ्याने सगळं ऐकलं.
"गे हेमांगी, एकाच जाग्यार बंद पडता,
की दरखेपेक येगळ्या?"
वेगळ्या.
"एकाच जाग्यार, तर नळी चोंदली.
रोज येगळ्या, तर खंयतरी सुटा आसा.
नायतर खारान खाल्ल्यान."

चार स्क्रू. एकाचं डोकं गंजून गेलेलं,
तो त्याने छिन्नीने काढला,
तेवढा वेळ मी भिंतीकडे बघत राहिले.
आत पालीचं अंडं, फुटलेलं.
पंख्यावर काळी लोकर.
मेमरीच्या दोन पट्ट्या, सोनेरी दात,
दातांवर हिरवट पांढरा थर.
दर्या दीडशे पावलांवर. ती खिडकी
मी अकरा वर्षं बंद केलेली नाही.

शेजारच्या अन्वयच्या कंपासपेटीतून खोडरबर आणला,
दात घासले, एकेक, दोन्ही बाजूंनी.
मेमरी सुधारायला खोडरबर, मी म्हटलं.
पास्कू हसला नाही.
उघड्या इंजिनापाशी तो हसत नाही.

मग एकेक पट्टी एकटी लावून तपासली.
पहिलीला पाच मिनिटांत पडदाभर लाल ओळी.
दुसरी रात्रभर चालली.
मी मध्ये मध्ये उठून पाहत होते,
ताप उतरला का पाहावं तशी.
पहाटे मचवे परतल्याचा आवाज आला,
पडद्यावर लाल काहीच नव्हतं.

घड्याळवाल्या दाभोलकरांकडून बॅटरी आणली, चाळीस रुपये.
पाचव्यांदा लावला.
एकसष्टला मी स्वयंपाकघरात निघून गेले.
परत आले तर तो नाव विचारत होता.

पडद्यावर आता कुठल्याशा देशाचा किनारा आहे,
वाळूवर ना जाळं, ना सुकत घातलेली मासळी.
तो बदलायचाय.
मेलेली पट्टी पास्कूने मागून नेली.
"गळाक लावतंय. इसवणीक चमकता ता आवाडता."

अर्ध्या मेमरीवर चालतोय, हळू, पण चालतोय.
वहीतून होड्या परत भरते आहे.
सदतिसाव्या ओळीला अडले.
दोनशे दहा, की दोनशे नव्वद?
एक आणि नऊ मी सारखेच काढलेत,
माझंच अक्षर मला लागत नाही.

ओळ पास्कूच्या होडीची आहे.